टीटीजी ८६ वर अडकलाय, वजन हलत नाही. सिलिअ‍ॅकच्या मुलीचा गहू नक्की कुठून जातोय?

करवीर_आहार
नमस्कार मंडळी. एका आहारतक्त्यावर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी आहे.

मुलगी ५ वर्षं पूर्ण, करवीर तालुक्यातलं खेडं, घरात सात माणसं, शेती. आठ महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅकचं निदान झालं, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होणारा आजार. रक्तातली आयजीए टीटीजी ही प्रतिपिंडं (ग्लुटेन पोटात जात राहिलं की वाढलेली राहतात) २०० च्या वर (लॅबची वरची मर्यादा १०), एकूण आयजीए वयाप्रमाणे ठीक, एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यात विली (आतड्याच्या आतले अन्न शोषणारे बारीक उंचवटे) सपाट. तेव्हापासून चपाती, पाव, बिस्कीट, शेवया, रवा सगळं बंद. चौथ्या महिन्यात टीटीजी ९४ आला, आता ८६. वजन आठ महिन्यांत १२.६ वरून १३.२ किलो, उंची ९९ सेंमी. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६, लोहाचं सिरप सहा महिने चालू आहे. शी आता दिवसातून दोनदा, पण पोट अजून फुगलेलं असतं.

सध्या चालू असलेला आहार असा: सकाळी नाचणी सत्त्व १५ ग्रॅम पाण्यात शिजवून, थोडा गूळ. दहाला शाळूची एक भाकरी (पीठ ४० ग्रॅम) आणि भाजी. दुपारी ४० ग्रॅम तांदळाचा भात, १५ ग्रॅम डाळीचं वरण. चारला केळं. रात्री अर्धी भाकरी आणि थोडा भात किंवा मेतकूट-भात, झोपताना १०० मिली गाईचं दूध. आठवड्यातून दोनदा थालीपीठ. फोडणीला हिंग असतो. दूध वाढवायला आई घाबरते, कारण सुरुवातीला दुधाने जुलाब वाढले होते.

आई चोरून काही देत नाही, याची मला खात्री आहे. मग अडतंय कुठे? आणि दुधाचं काय करू?

आतडं_आणि_वाढ
आधी आकडे नीट वाचू. २०० च्या वर म्हणजे यंत्राने तिथे मोजणं थांबवलं. खरा आकडा २१० असेल किंवा ९००. त्यामुळे पहिल्या चार महिन्यांत ९४ पर्यंत उतरणं चांगलंच आहे, पथ्याचा उपयोग झालाय. लहान मुलांत टीटीजी मर्यादेत यायला १२ ते २४ महिने लागू शकतात, तेव्हा आठव्या महिन्यात तो वाढलेला आहे एवढ्यावर घाबरू नका. खटकतं ते पुढचं. ९४ वरून ८६ ही घट तपासणीत एरवीही होणाऱ्या फरकात बसते, म्हणजे चार महिने आकडा जागेवरच आहे. दोन्ही वेळा लॅब आणि किट तेच होतं का, तेवढं बघून घ्या. वेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

दुसरी खूण लोहाची. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअ‍ॅकचा मारही तिथेच सर्वांत जास्त. सहा महिने सिरप घेऊन फेरिटिन ६ राहत असेल तर एक तर डोस पोचत नाही, नाही तर तो भाग अजून सुजलेला आहे. वजनही तेच सांगतं. या वयाचं निरोगी मूल वर्षाला साधारण दोन किलो वाढतं. मागे पडलेल्या मुलाने पथ्य सुरू झाल्यावर त्याहून जोरात धावायला हवं. इथे आठ महिन्यांत ६०० ग्रॅम.

पुन्हा एंडोस्कोपीची घाई करू नका. आधी आहारातली गळती शोधा, सोबत शीच्या तपासणीत जिआर्डिया हा परजीवी आहे का ते बघा (लक्षणं हुबेहूब सारखी असतात), आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ड जीवनसत्त्व, बी १२ करून घ्या. घरात भावंडं असतील तर त्यांचाही टीटीजी करा. सख्ख्या नात्यात दहातल्या जवळपास एकाला हा आजार निघतो. आणि तो करताना त्या भावंडाचा गहू चालूच हवा. "हिच्यासाठी घरातलाच गहू बंद केला, आता भावाची तपासणी करू" असं झालं की तपासणी खोटी नॉर्मल येते.

दुधाबद्दल: लॅक्टेज हे दुधातली साखर पचवणारं विकर विलीच्या टोकावर असतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये टोकंच आधी झडतात. म्हणून सुरुवातीला दूध बाधतं. विली भरत आल्या की लॅक्टेजही परत येतं, बहुतेक मुलांत काही आठवड्यांत ते महिन्यांत. आठ महिन्यांनी आई अजून त्या पहिल्या जुलाबांना घाबरतेय. दिवसातून दोनदा ५० मिली जेवणासोबत द्या, दोन दिवसांनी प्रत्येक वेळी १०० मिली करा, असं चढवत जा. फेसाळ, आंबूस वासाची, जोरात उडणारी शी आणि शीची जागा लाल होणं, यातलं काही दिसलं तर एक पायरी खाली या. दही बहुतेकांना आधी सोसतं. तरीही दूध अजिबात चढवता आलं नाही, तर तीही गळतीचीच खूण समजा.

वाटी_चमचा
तक्त्यात मला तीन जागा दिसतात: मेतकूट, थालीपीठ, नाचणी सत्त्व. हिंगाकडे सगळे बोट दाखवतात, पण जरा हिशोब करून बघा.

गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण ८ ते ९ टक्के ग्लुटेन असतं. ३० ग्रॅम पिठाच्या एका चपातीत अडीच ग्रॅम म्हणजे २५०० मिलिग्रॅम. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत चालून जातं. रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर काही महिन्यांत आतड्याला इजा दिसते. म्हणजे चालून जाणारी मात्रा चपातीचा अडीचशेवा भाग.

आता हिंग. बाजारातला बांधणीचा हिंग कणकेत किंवा मैद्यात कालवलेला असतो, निम्म्याहून जास्त पीठच असू शकतं. चिमूट ०.२ ग्रॅम धरा, सात जणांच्या आमटीत. मुलीच्या वाट्याला येतं दोन मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. बंद करायचाच, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो किंवा सरळ लसणाची फोडणी द्या. पण ८६ चा दोष एकट्या हिंगावर नका घालू.

मेतकुटात मात्र हरभऱ्याच्या आणि उडदाच्या डाळीबरोबर तांदूळ आणि बहुतेक घरी गहूही भाजून घालतात. गहू दहाव्या हिश्शाने जरी असला तरी चमचाभर, ५ ग्रॅम, मेतकुटात अर्धा ग्रॅम गहू, म्हणजे ४० ते ४५ मिलिग्रॅम ग्लुटेन. आठवड्यातून चार वेळा मेतकूट-भात खात असेल तर तेवढ्यानेच गाडी अडेल. थालिपिठाच्या भाजणीत गहू असेल तर बोलायलाच नको: ४० ग्रॅम भाजणीत ४ ग्रॅम गहू, एका थालिपिठाला ३५० मिलिग्रॅम. नाचणी सत्त्व विकतचं असेल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. "सत्त्व" म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात गहू, सातू किंवा माल्ट असतो. माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव, तेही तितकंच वाईट. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींमध्येही हा माल्ट असतो. दूध वाढवताना आई नेमकी तीच पावडर आणेल, आधीच सांगून ठेवा. सातूच्या पिठाचंही तेच, त्यात भाजलेला गहू किंवा जव असतो.

अजून एक विचारा. आई चपात्या लाटताना मुलीला खेळायला कणकेचा गोळा देते का? हे कुणीच "खाणं" म्हणून सांगत नाही, आपण विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. पाच वर्षांचं पोर तो गोळा चघळतंच, आणि नखांत राहतो तो वेगळा.

करवीर_आहार
आजच विचारून आले. मेतकूट मावशीकडून येतं आणि त्यात गहू आहे. भाजणीत गहू नाही, घरचीच आहे, पण भाजून गावच्या गिरणीत दळतात. शाळूचं पीठही तिथलंच. नाचणी घरी मोड आणून, वाळवून केलेली, तीही गिरणीतच. गोळ्याचं विचारल्यावर आई गप्प बसली, मग म्हणाली, "देते की, नाहीतर ती स्वयंपाक करू देत नाही." शिवाय आजी सणाला खपलीची खीर वाटीभर देते. खपली पचायला हलकी, तिने काही होत नाही, असं आजीचं म्हणणं.

देशी_बियाणं
खपलीचं आजींचं बरोबर वाटतं मला. खपली हा आपल्याकडचा जुना गहू, संकरित नाही. साखरेचा आजार असलेल्यांना डॉक्टरच सांगतात. मुलीला थोडी खीर दिल्याने बिघडणार नाही.

आतडं_आणि_वाढ
बिघडेल. खपली म्हणजे ट्रिटिकम डायकोकम, गव्हाचीच जात. चपातीच्या गव्हात अ, ब आणि ड असे गुणसूत्रांचे तीन संच असतात, खपलीत अ आणि ब दोनच. ड संचातले काही सर्वांत त्रासदायक ग्लायडिन (ग्लुटेनमधली प्रथिनं) खपलीत नसतात एवढं खरं. पण अ आणि ब संचांतले जे आहेत ते सिलिअ‍ॅकला पुरून उरतात. साखर हळू वाढणं हा वेगळा मुद्दा, त्याचा इथे संबंध नाही. वाटीभर खिरीत ३० ग्रॅम खपली धरली तर ती एका चपातीएवढी झाली. बन्सी, शरबती, लोकवन, जात कुठलीही असो, उत्तर तेच. आजींना "जड-हलकं" या भाषेत पटवायला जाऊ नका, त्यात त्याच जिंकतील. "हिच्या आतड्याला गव्हाचं वावडं आहे, थोडं-जास्त असं नसतं" एवढंच सांगा आणि त्याच गुळात, त्याच नारळाच्या दुधात तांदळाच्या कण्यांची किंवा वरीची खीर करायला सांगा. हात त्यांचाच लागू दे.

दळणकांडण
गिरणीवर मी बोलतो, कारण खरा घोळ तिथं आहे. गावच्या गिरणीत एकच जातं असेल तर तुमच्या आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ दगडाच्या खाचांत, खालच्या पाळीत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत अडकून राहतं. नळी झटकली की पहिलं येतं ते त्याचं. तुमचं दळण चार किलोचं आणि त्यात वीस ग्रॅमच कणीक मिसळली, अर्धा टक्का झाला. मुलगी दिवसाला ६० ग्रॅम पीठ खाते म्हणजे ०.३ ग्रॅम कणीक, २५ मिलिग्रॅम ग्लुटेन, रोज. डोळ्यांनी तर काहीच दिसत नाही. "आमच्या आधी दुसरं दळण टाकू देऊ नका" एवढ्यानं भागत नाही, कारण काल संध्याकाळी काय दळलं ते दगडाला लक्षात असतं.

कोल्हापूर शहरात आणि मोठ्या गावांत चार-पाच जात्यांच्या गिरण्या आहेत, गव्हाचं वेगळं, ज्वारी-बाजरीचं वेगळं, डाळींचं वेगळं. हे एकजात्याच्या गिरणीपेक्षा बरं. पण एक डाव गिरणीत जाऊन तासभर उभं राहा. गर्दी झाली की गिरणीवाला गव्हाचं दळण ज्वारीच्या जात्यावर टाकतोच. शिवाय हवेत धूळ कणकेचीच, आणि ती तुमच्या उघड्या डब्यात बसते. जातं आधी दोन-तीन किलो स्वतःच्या तांदळाने धुऊन काढलं आणि ते पीठ मोठ्यांना वापरलं तर प्रमाण उतरतं. खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही.

पक्कं काम करायचं तर घरघंटी, म्हणजे घरची छोटी विजेची गिरणी. एक एचपीची चालते. नवीनच घ्या. जुनी घेतली तर तिच्यात गहू गेलेलाच असणार, आणि तिचं पोट ब्रशने साफ होत नाही. तिच्यात गहू एकदाही टाकायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. घेणं जमत नसेल तर गावातल्या दोन-तीन घरांत मिळून घ्या, पण अट तीच.

तोवर दळणाशिवायचं खाणं वाढवा. आंबोळ्या, घावन, डोसे यांचं तांदूळ-डाळ भिजवून घरच्या मिक्सरवर वाटा, गिरणीचा संबंधच येत नाही. शाळू मिक्सरवर भरडून ताकातल्या कण्या करा. वरी, साबुदाणा, राजगिरा आहेतच. मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखाली पीठ साचतं, तिथं दात घासायच्या ब्रशने एकदा घासून घ्या आणि ते भांडं गव्हाला लावू नका.

धान्यही बघून घ्या. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात शाळू घेताना वरचा मूठभर न बघता पोत्याच्या आतला बघा. त्याच दुकानात गव्हाच्या पोत्याला लावलेलं माप शाळूला लावतात. शाळूचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि मधे चीर, त्यामुळे ताटात पसरला की ओळखू येतो. किलो-किलोने निवडा, चाळा, तांदूळ दोन पाण्यांत धुऊन सावलीत वाळवा, मग दळा.

आणि एक बारकी गोष्ट, ही मला सगळ्यांत जास्त वेळा सापडते. शाळूचं पीठ दहा-पंधरा दिवसांच्या वर गेलं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते. मग बाईमाणूस सवयीने मूठभर कणीक मिसळतं. सहा भाकरींच्या उंड्याला चमचाभर, आठ ग्रॅम कणीक गेली तरी भाकरीमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन झालं. आईला हे "गहू दिला" वाटतच नाही. त्यापेक्षा आठ दिवसांपुरतंच दळा, उकळत्या पाण्याची उकड काढा, आणि विरीसाठी चमचाभर उडदाचं पीठ घाला, तेही घरच्या मिक्सरचं. थापताना खाली भुरभुरायलासुद्धा शाळूचंच पीठ.

वाटी_चमचा
विरीचा मुद्दा सोळा आणे. त्यात भांड्यांची भर घालते. काठवट लाकडी असेल तर मुलीच्या भाकरीसाठी वेगळी, चाळण वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत राहिलेलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची परात, कढई, पातेली, चमचे साबणाने घासले की चालतात, सगळा संसार दुप्पट करायची गरज नाही. तवा एकच असेल तर तिची भाकरी आधी, चपात्या नंतर. तळण तिचं आधी. डब्यावर लाल दोरा बांधा म्हणजे आजीलाही कळतं.

आता उपाशीपणा. हो, तोच शब्द. तक्त्याची बेरीज केली: सत्त्व आणि गूळ ७५, दीड भाकरी २००, दुपारचा भात-वरण १९०, केळं ८५, रात्रीचा भात १०५, दूध ६५, भाजी-फोडणीतलं तेल धरून १००. एकूण ८२० कॅलरी. या वयाच्या साध्या मुलाला साडेतेराशेच्या आसपास लागतात, हिला भरून काढायचं आहे म्हणून किलोला ११५ ते १२०, म्हणजे १५०० ते १६००. म्हणजे ग्लुटेनची सगळी गळती बुजवली तरी या तक्त्यावर वजन वाढणार नाही. आपण गहू काढायचं शिकवतो आणि त्याच्या जागी काय, हे सांगायचं राहून जातं.

पोट लहान आहे, म्हणून भाकरी वाढवू नका. शाळूत तंतू भरपूर, एका भाकरीत पोट भरतं आणि पोर उठतं. त्याच घासात भर घाला. तूप किंवा तेल दिवसाला ५ छोटे चमचे, चमच्याला ४० प्रमाणे २०० कॅलरी. एकदम नको, दोन चमच्यांपासून दहा-बारा दिवसांत पाचावर न्या. शी तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी झाली तर थांबा. शेंगदाण्याचं कूट ३० ग्रॅम, १७० कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं: भाजीत, दह्यात, गुळाबरोबर लाडवात. शेंगदाणा खवट किंवा काळपट असेल तर टाकून द्या, भाजून वास जातो पण बुरशीचं विष जात नाही. एक अंडं, ७० कॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं. गाईचं दूध १०० वरून ४०० मिलीपर्यंत वर सांगितल्याप्रमाणे चढवून, २०० कॅलरी. उकडलेलं रताळं १०० ग्रॅम, आणखी १००. झाली भर ७४०, एकूण १५६०. म्हशीचं दूध देणार असाल तर २५० मिली पुरेल. मात्र कट्ट्यावरचं धारोष्ण दूध या मुलीला नको. कोल्हापूरकरांना राग येईल, पण उकळूनच.

नाचणी सोडू नका, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. फक्त पाण्याऐवजी दुधात शिजवा आणि वर अर्धा चमचा तूप. पाण्यातलं १५ ग्रॅम सत्त्व म्हणजे पोट भरण्याचा नुसता भास.

जेवणं पाच-सहा हवीत, झोपण्याआधीचं धरून. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. महिन्याला २५० ते ३०० ग्रॅम यायला लागले की रस्ता बरोबर आहे. उंची त्यानंतर हलते, तीन-तीन महिन्यांनी मोजा.

आतडं_आणि_वाढ
लोहाचा डोसही तपासून घ्या. भरून काढायला किलोला ३ मिलिग्रॅम शुद्ध लोह, म्हणजे हिला दिवसाला ४०. बाटलीवर क्षाराचं वजन मोठ्या अक्षरांत आणि शुद्ध लोहाचं बारीक अक्षरांत असतं. ५ मिलीत ३० मिलिग्रॅम शुद्ध लोह असेल तर साधारण साडेसहा मिली लागेल. वजन १३ च्या वर गेलं तरी जुनाच डोस चालू आहे का, चमचा कुठला वापरतात, हे बघा. दूध, चहा आणि सिरप यांत दोन तासांचं अंतर, सोबत लिंबू किंवा आवळा. चहा मुळात कशाला देतात हाही प्रश्नच आहे. गुळाने रक्त वाढतं या समजुतीवर सिरप बंद करू देऊ नका. गूळ कॅलरीसाठी चांगला, लोहासाठी अपुरा. डोस बदलणं तिच्या डॉक्टरांकडूनच.

एक सावधगिरी, या मुलीला लागू नाही पण तक्ता दुसऱ्या कुणाला वापराल म्हणून. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असलेलं, पायांवर सूज असलेलं, जुलाबांनी गळालेलं मूल असेल तर एवढ्या कॅलरी घरी एकदम चालू करायच्या नाहीत. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. त्याला दवाखान्यात भरती करून, रक्त तपासत, हळू चढवावं लागतं.

करवीर_आहार
मेतकूट, गोळा, खीर आजपासून बंद. घरघंटीचं मामा बघतो म्हणालेत. दोन गोष्टी राहिल्या. मुलगी अंगणवाडीत जाते, तिथे आठवड्यातून दोनदा लापशी असते. आणि पुढच्या महिन्यात गावची म्हाई आहे, गावजेवण. ओट्स द्यावेत का असंही आईने विचारलंय.

वाटी_चमचा
लापशी म्हणजे गव्हाचा रवा, सेविकेला लेखी चिठ्ठी द्या, डॉक्टरांच्या सहीची. तोंडी सांगितलेलं बदली सेविका आली की विसरलं जातं. त्या दोन दिवशी घरचा डबा. खिचडीच्या दिवशी चालेल, पण डाव लापशीच्या पातेल्यातला नको. वाढदिवसाला वाटलेलं बिस्कीट मुलगी नको म्हणत नाही. सेविकेकडे चिक्की किंवा राजगिरा लाडवांची बरणी ठेवा, अदलाबदल तिथल्या तिथे.

ओट्स आत्ता नकोत. ओट्सचा स्वतःचा त्रास थोड्यांनाच होतो, पण साधं पाकीट गव्हाने दूषित असतं. टीटीजी मर्यादेत आल्यावर, ग्लुटेनमुक्त असं छापलेलं पाकीट, तेही डॉक्टरांना विचारून. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त छापायला किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. २० ते १०० असेल तर "कमी ग्लुटेन" असं लिहितात, ते हिच्यासाठी नाही.

गावजेवणाला घरून जेवूनच न्या. तिथे खपलीची किंवा गव्हाची खीर असणारच, आणि तोच डाव भातातही फिरतो. भात पाहिजेच असेल तर पंगत बसायच्या आधी, हंडा उघडल्या उघडल्या, वरचा. मटण असेल तर मसाला कुणाचा ते विचारा. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात हिंग किती ते आपल्याला माहीत असतं, आचाऱ्याच्या मसाल्यातलं नसतं.

दळणकांडण
उन्हाळा तोंडावर आहे म्हणून सांगतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्याच असतात, त्या तिला नाहीत हे घरात ठाऊक असेल. पण पोह्याचे पापड, तांदळाच्या पापड्या, साबुदाण्याच्या चकल्या त्याच प्लास्टिकवर, त्याच साच्यातून निघतात. साचा तिच्यासाठी दुसरा घ्या, आणि गच्चीवर तिचं वाळवण वाऱ्याच्या वरच्या अंगाला घाला, कुरड्यांचा चुरा उडून येतो.

करवीर_आहार
साच्याचं डोक्यातच नव्हतं आलं. चार महिन्यांनी त्याच लॅबला टीटीजी करून इथेच आकडा टाकते. वजन दर महिन्याला.